पाऊस पडलाच नाही

आमच्या वाचनालयाचं छप्पर गळतं. त्याच्या दुरुस्तीसाठी आम्ही मैदानात खाद्यजत्रा भरवली, आणि त्या दिवशी पाऊस पडला नाही. इतकी साधी गोष्ट मला अजून खुपते.

ऑक्टोबरचा दुसरा शनिवार होता. मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख आता ८ ऑक्टोबर आहे. २०२० मध्ये हवामान विभागाने ती सप्टेंबरअखेरीवरून पुढे नेली. म्हणजे दिवस निवडतानाच आम्ही काठावर होतो. सकाळी अंदाज आला : तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. हवामान विभागाच्या भाषेत ‘तुरळक’ म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के केंद्रांवर पाऊस. मी त्याचा सोयीचा अर्थ काढला आणि ग्रुपवर लिहिलं, “चारात एक. करूया!” धडाधड होकार आले.

संध्याकाळी आभाळ दाटलं, गडगडलं, आणि सर दुसरीकडेच कुठेतरी कोसळली. जत्रा जोरात झाली. मला शाबासकी मिळाली.

आवराआवर करताना थालीपिठाच्या स्टॉलवरच्या काकू म्हणाल्या, “भाजणी, लोणी, सिलिंडर, सगळं उधारीवर आणलं होतं रे. गडगडलं तेव्हा पोटात गोळाच आला.” काकू आमच्या ग्रुपवर नव्हत्या. स्टॉलचं भाडं मात्र आम्ही आगाऊ घेतलं होतं. पाऊस आला असता तर आमचे पैसे शाबूत राहिले असते; बुडाल्या असत्या त्या.

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी एक अडचण मांडली : माणसाला बरं-वाईट ठरवताना आपण त्याच्या हातात नसलेल्या गोष्टीही हिशेबात धरतो. पाऊस आला असता तर मी बेजबाबदार ठरलो असतो. आला नाही म्हणून धडाडीचा ठरलो. निर्णय तर एकच होता. मला वाटतं, तो कोरड्या मैदानावरही चुकीचाच होता. धोका पत्करण्यात गैर काही नाही. पण मी पैज लावली ती काकूंच्या भाजणीवर, आणि त्यांना न विचारता.

समितीत मी हे बोललो. आता भाडं जत्रेनंतर घ्यायचं, शाळेचा हॉल राखून ठेवायचा, पावसाने माल वाया गेला तर भरपाई निधीतून द्यायची, असं ठरलं. एका मित्राने विचारलं, “लोकांनी छपरासाठी दिलेले पैसे पिठावर घालवायचे?” त्याचा प्रश्न खोटा नाही. हॉलचं भाडं गेलं की तेवढे पत्रे कमी येणार. पण छप्पर सगळ्यांचं असेल, तर ते उभारतानाचा धोका एकट्या काकूंचा कसा?

यंदा काकू ग्रुपवर आहेत. त्यांचा पहिलाच मेसेज आला : “दिवाळीनंतर ठेवा की रे!”

हे आमच्यापैकी कुणालाच सुचलं नव्हतं.