त्यानेच ओढवून घेतले?



गेल्या पावसाळ्यात एका अंत्यविधीला गेलो होतो. वय पंचेचाळीस, जबड्याचा कॅन्सर. दफनभूमीच्या दारात दोघे हळू आवाजात म्हणाले, "पुडी सुटली नाही. त्यानेच ओढवून घेतले." मीही मान डोलावली. घरी आल्यावर मात्र ते मान डोलावणे मनाला टोचू लागले.

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही असेच विचारले होते: पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? योहानच्या शुभवर्तमानात प्रभू दोन्ही उत्तरे नाकारतो. आपल्याला मात्र दोषी सापडला की हायसे वाटते. मग आपल्याला काही करायचे उरत नाही.

आता त्या पुडीची हकिकत पाहू. २००२ साली महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर बंदी घातली. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. १९५४ च्या अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखाली राज्याला तसा अधिकार नाही, असा निकाल लागला. पुड्यांच्या माळा पुन्हा टपऱ्यांवर लटकू लागल्या. पुढे २००६ चा अन्नसुरक्षा कायदा आला, २०११ च्या नियमांनी खाद्यपदार्थांत तंबाखू व निकोटिन घालण्यास मनाई केली, आणि त्या आधारावर २० जुलै २०१२ पासून राज्यात पुन्हा बंदी आली. ती आपोआप आली नाही. मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉ. पंकज चतुर्वेदी यांच्यासारख्या शल्यविशारदांनी रुग्णांनाच बोलायला पुढे आणले. शस्त्रक्रियेने चेहरा बदललेली ही माणसे राज्यकर्त्यांसमोर उभी राहिली. त्यांनी आपला दोष लपवला नाही, पण दोषाचे ओझे वाहत घरी बसलीही नाहीत.

कुणी म्हणेल, माणसाला स्वतःचे मन नाही का? आहे. पण आमच्या या मृताने पहिली पुडी सातवीत असताना खाल्ली, असे त्याची बहीण सांगते. बारा वर्षांच्या मुलाच्या हाताला लागेल अशा उंचीवर व्यसन टांगून ठेवायचे आणि तीस वर्षांनी त्याला स्वेच्छेचा जाब विचारायचा, हा कुठला न्याय?

बंदी आली त्याच जुलैत, आठ जिल्ह्यांत, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. तिलाच आज महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात, आणि कॅन्सरचे उपचार तिच्यात बसतात. तिथे कागदपत्रे मागतात, फेऱ्या मारायला लावतात, सगळे खरे. पण ‘तू तंबाखू खात होतास का, मग तुला मदत नाही’, असे तिथे म्हणत नाहीत. सरकारी खिडकीवर जी दया दाखवतात, ती आम्हाला दफनभूमीच्या दारात दाखवता आली नाही.

शासनाकडे कायदा मागणे, उपचारासाठी निधी मागणे, याला आपल्यातील काही जण राजकारण म्हणतात. रुग्णाला फळे नेऊन देणे तेवढे पुण्य! दारूही कॅन्सरला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९८८ मध्येच सांगितले आहे. पण आपल्या लग्नमंडपात तो विषय काढून पाहा.

शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, असा २००३ चा केंद्रीय कायदा आहे. आमच्या शाळेच्या फाटकासमोरची टपरी आपल्याच एका बंधूची. मागच्या आठवड्यात मी त्याच्याकडे गेलो. त्याने ऐकून घेतले आणि विचारले, "बंद करतो, सर. दोन पोरांची फी कोण भरणार?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. या रविवारी मिस्सानंतर पुन्हा जाणार आहे. कुणी सोबत येणार असेल, तर फाटकाशी थांबावे.