कडी आतल्या बाजूला

"गॅस संपला का काय?" आजीनं फोनवर विचारलं आणि मला हसू आलं. मी तिला एवढंच सांगितलं होतं, की रविवारी माझे सात मित्रमैत्रिणी भिंगारला येतायत, तर भाकरी चुलीवर कर. गॅस संपलेला नव्हता. मला आठवतं तेव्हापासून आमच्या घरात स्वयंपाक गॅसवरच होतो. परसातली चूल फक्त आंघोळीचं पाणी तापवायला उरली आहे. पण माझ्या गूगल शीटमध्ये मी आधीच लिहून बसलो होतो: ‘आजीच्या हातचं चुलीवरचं जेवण. अस्सल अनुभव.’

ही शीट खरं तर पेरूसाठी होती. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आम्ही आठ जण दोन वर्षं पैसे साठवतोय, अँडीज पर्वतात बारा दिवस फिरायला. लिमा, कुस्को, माचू पिचू, मग तितिकाका सरोवर. कुस्को सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे आमच्या जिल्ह्यातल्या कळसूबाईच्या दुपटीहून जरा जास्तच. तेव्हा तिथे पोचल्यावर दोन दिवस नुसता दम खायचा, इथपर्यंत सगळं मी आखलंय. झेंडा धरलेल्या गाइडमागे चाळीस जणांनी पळायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं. लहान गट, सावकाश प्रवास, माणसांना भेटायचं. आठव्या दिवसाच्या ओळीत होतं: ‘केचुआ विणकर कुटुंबाच्या घरी जेवण.’ त्याच्यापुढेही तेच दोन शब्द. अस्सल अनुभव.

कुणीतरी म्हणालं, एवढ्या लांब जाण्याआधी जवळ कुठेतरी एका दिवसाची तालीम करू. मी म्हटलं, मग आमच्या भिंगारला चला.

सकाळी आम्ही भुईकोट किल्ल्यात गेलो. १९४२ ते १९४५ या काळात काँग्रेस कार्यकारिणीचे नेते इथे कैदेत होते, आणि नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ १९४४ मध्ये इथेच लिहिलं. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. फाटकावर आम्ही ओळखपत्रं दाखवली, वहीत नावं लिहिली. आत एका ठिकाणी एका मैत्रिणीनं मोबाइल वर केला, तर जवान म्हणाला, "इधर फोटो नहीं." तिनं मोबाइल खिशात टाकला. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मग शहा डोंगरावर सलाबतखानाची अष्टकोनी कबर पाहिली, जिला सगळं नगर चांदबीबीचा महाल म्हणतं. आणि एकच्या सुमाराला घरी.

आजीनं चूल पेटवली होती. लाकडं ओली होती, धूर फार होता. ती फुंकणीनं फुंकायची, पदरानं डोळे पुसायची, परत भाकरी थापायला बसायची. आम्ही आठ जण भोवती उभे होतो. पाच मोबाइल चालू होते. एकजण अगदी प्रेमानं म्हणाला, "आजी, ती भाकरी परत एकदा उलटा ना, जरा हळू." आजीनं उलटली, हळू. चुलीशेजारी निळी प्लॅस्टिकची बादली होती. ती व्हिडिओत येतेय म्हणून मीच ती पायानं बाजूला सारली.

जेवण फक्कड झालं. सगळे तिच्या पाया पडले. संध्याकाळी ग्रुपवर व्हिडिओ आला तेव्हा मला अभिमानच वाटला. ती बादली मात्र मनातून हलेना.

पुढच्या महिन्यात आजी डोळे दाखवायला पुण्याला आली. मी घरूनच काम करत होतो. दुपारी माझा क्लायंट कॉल सुरू झाला, तेव्हा ती खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसली. काही बोलली नाही. माझ्याकडे बघत होती, स्क्रीनकडे बघत होती, मी इंग्रजीत बोलताना माझं तोंड कसं होतं तेही बघत होती. तीन मिनिटंसुद्धा झाली नसतील. मी माइक बंद केला आणि म्हणालो, "आजी, जरा आत बस ना." ती लगेच उठली. मी दार लावलं, कडी घातली.

कॉल संपल्यावर मला लाज वाटली. मी म्हटलं, "आजी, त्या दिवशी चुलीजवळ तुला असंच झालं असेल, नाही? मग नको म्हणायचंस की." ती म्हणाली, "तू इचारलं कुठं? तू तर सांगितलंस."

त्या दिवसापासून मी या कडीचा विचार करतोय. लष्कर फोटो नको म्हणू शकतं. मी आजीला आत बस म्हणू शकतो. माझ्या ऑफिसात तर पासशिवाय माझी सख्खी आईसुद्धा माझ्या टेबलापर्यंत येऊ शकत नाही. पेरूचं सरकारही नको म्हणू शकतं. माचू पिचूकडे जाणाऱ्या इंका ट्रेलवर दिवसाला ५०० माणसांनाच सोडतात, त्यात वाटाडे आणि हमालही धरलेले, आणि फेब्रुवारीत ती वाट दुरुस्तीसाठी अख्खा महिना बंद असते. म्हणजे दगडांना विश्रांती आहे. त्या आठव्या दिवसाच्या विणकर बाईला आहे का?

हे सगळं मी ग्रुपवर मांडलं, तेव्हा एका मित्रानं मला चांगलंच धरलं. तो म्हणाला, "ती तुझी आजी नाही. तिचा तो धंदा आहे. तू क्लायंटसमोर तासभर हसतोस ते काय अस्सल असतं? तमाशातला कलावंत बिदागी घेतो, त्यात त्याचा काय अपमान? आपण गेलोच नाही तर तिला काय मिळणार, तुझी सहानुभूती?"

त्याचं म्हणणं मला खोडता आलं नाही, आणि अजूनही येत नाही. पैसे घेऊन कला दाखवण्यात कमीपणा काहीच नाही. पण तमाशाला पडदा असतो. खेळ संपला की कलावंत रंग पुसून चहा प्यायला मोकळा होतो, आणि प्रेक्षकालाही माहीत असतं की आपण खेळ पाहिला. आम्हाला हवा होता तो पडद्यामागचा चहा, आणि तोही खेळ म्हणून. ‘अस्सल’ या शब्दात एक हुकूम दडलेला आहे, असं मला आता वाटतं. तू आम्हाला हवी तशीच राहा. गॅस लपव. निळी बादली बाजूला कर. तुझा मोबाइल पदराखाली ठेव. आम्ही दरवर्षी नवा फोन घेऊ, तू मात्र बदलू नकोस.

आणि गट लहान असला की हे टळतं, हा माझा समज तर पारच चुकला. चाळीस जण बसमधून उतरले तर ते अंगणातच थांबतात, घरात मावतच नाहीत. आठ जण थेट चुलीपर्यंत पोचतात. गट जितका लहान, तितका तो घरात खोलवर जातो. म्हणून लहान गटानं जास्त विचारायला हवं.

तितिकाकामधल्या ताकिले बेटाबद्दल वाचताना मला थोडा उजेड दिसला. हे बेट विणकामासाठी ओळखलं जातं. तिथे पुरुषही सुयांवर टोप्या विणतात, आणि २००५ मध्ये युनेस्कोनं त्या कलेची दखल घेतली. पर्यटक येऊ लागले तेव्हा सुरुवातीला बेटावरच्या लोकांनी स्वतःच्या होड्या चालवल्या आणि पाहुणे कुणाच्या घरी उतरणार हे पाळीनं ठरवलं. पुढे बाहेरच्या व्यावसायिकांच्या होड्या वाढल्या, दिवसभर फिरून परत जाणारे वाढले आणि बेटावरच्यांच्या हातातली दोरी सैल झाली. पर्यटक तेच, टोप्या त्याच. कडी कुठल्या बाजूला आहे, एवढाच फरक पडला.

अँडीजमधल्या शेतकऱ्यांकडे ‘आय्नी’ नावाची रीत आहे. आज मी तुझ्या शेतात राबतो, उद्या तू माझ्या. हे वाचल्यावर मी आजीला विचारलं, तर ती म्हणाली, "म्हंजी सावड की." आपल्याकडची सावड तीच. इर्जिकही त्याच घरातली, जिथे गाववाले बैल घेऊन एकाचं रान नांगरून देतात आणि तो त्यांना जेवू घालतो. सावडीत फेड ठरलेली असते, पण ती पैशानं होत नाही. ज्याच्या बांधावर आज मी उभा आहे, तो उद्या माझ्या बांधावर येणार, हे दोघांना माहीत असतं. म्हणून कुणी कुणाकडे टक लावून बघत नाही. बघणाऱ्यावर परत बघितलं जाणार असतं.

पर्यटनाची सावड होऊ शकत नाही, हे मला कळतं. ती विणकर बाई भिंगारला कधी येणार नाही. आमच्याकडे पैसे आहेत, पासपोर्ट आहेत. तिच्याकडे आमच्या दाराशी येण्याची सोय नाही. हे असमान आहे आणि आम्ही कितीही हळवे झालो तरी असमानच राहणार. मग जे फेडता येत नाही तिथे निदान एक गोष्ट तपासता येते. आम्ही सॉफ्टवेअर बनवतो तेव्हा सगळं नीट चाललं तर काय होईल हे तपासतोच, पण माणसानं ‘नाही’चं बटण दाबलं तर काय होईल हेही तपासतो. ‘नाही’ दाबल्यावर त्याचं नुकसान होत असेल, तर ती परवानगी खोटी. ज्याला ‘आज नको’ म्हणता येतं आणि म्हटल्यावर ज्याची चूल विझत नाही, तोच यजमान. बाकी आपण जातो ते प्रदर्शनाला.

म्हणून मी तिथल्या आमच्या एजंटला मेल केली. त्या दिवशी ते कुटुंब नको म्हणालं तर? उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, अगदी नम्र: काळजी करू नका, आम्ही तुम्हाला दुसऱ्या कुटुंबाकडे नेऊ. मी परत विचारलं, मग पहिल्या कुटुंबाच्या त्या दिवसाच्या पैशांचं काय? ते मिळणार नाहीत, असं उत्तर आलं.

आम्ही आठ जणांनी दोन रात्री वाद घातला. एकीचं म्हणणं, ती ओळच काढून टाका. धंदा म्हणणाऱ्या मित्रानं विचारलं, मग नुकसान कुणाचं झालं? शेवटी असं ठरलं, की पैसे आधी द्यायचे, त्यांनी बोलावलं तरी आणि नाही बोलावलं तरी. गेलो तर मोबाइल बाहेर ठेवायचे. त्यांनी आम्हाला विचारलं तर सगळं सांगायचं: घर केवढं, पगार किती, आई काय करते. हे न्यायाचं आहे की नुसती आमच्या मनाची समजूत आहे, यावर आमचं एकमत नाही.

पुढच्या रविवारी मी एकटाच भिंगारला गेलो. आजीनं गॅसवर भाकरी केली. मी निळी बादली भरून दिली. तिनं विचारलं, "ते लोक परत कधी येणार?" मी म्हटलं, "तू सांगशील तेव्हा." ती म्हणाली, "उन्हाळा सरू दे. आत्ता नको."

शीटमधली आठव्या दिवसाची ओळ मी बदलली आहे. जेवण खोडलं, ‘अस्सल’ही खोडलं. तिथे आता लिहिलंय: ‘विचारलं आहे.’ त्या कुटुंबाचं उत्तर अजून आलेलं नाही. रकाना पिवळा ठेवलाय.