दिवस भरणे

मराठीत बाईला दिवस जातात आणि नऊ महिन्यांनी ते भरतात. मजुरीवर जाणाऱ्या माणसाचेही दिवस भरतात, पण मस्टरवर. हे दोन हिशेब एकाच बाईच्या वाट्याला आले की काय होतं, ते मी रत्नागिरीजवळच्या एका घरात, भिंतीवरच्या कालनिर्णयावर पाहिलं. एप्रिलअखेरपासून जूनपर्यंतच्या चौकटींत निळ्या पेनाच्या खुणा होत्या, त्या आंब्याच्या कॅनिंगच्या. ऑगस्टपासून लाल खुणा, त्या मासळीच्या कारखान्यातल्या. खाडा पडला तिथे फुली. आणि डॉक्टरांनी सांगितलेली मार्चमधली तारीख मागच्या पानावर वेगळी लिहून ठेवलेली. निळे दिवस ४४, लाल दिवस ६१. बेरीज १०५.

प्रसूती लाभाचा १९६१ चा कायदा ८० दिवस मागतो. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत इतके दिवस काम झालं की पगारी रजेचा हक्क लागू होतो. मूळ कायद्यात १६० दिवस होते, १९८८ मध्ये ते निम्म्यावर आले. २०१७ च्या दुरुस्तीने रजा १२ आठवड्यांवरून २६ वर गेली, त्यातले आठ आठवडे प्रसूतीआधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर मात्र पुढच्या वेळी १२ च. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हे सगळं सामाजिक सुरक्षा संहितेत गेलं आहे, पण ८० आणि २६ हे आकडे तेच आहेत.

मग १०५ दिवस भरलेल्या बाईला हक्क का नाही? कारण जिथे रजा मागायची, त्याच मालकाकडे ८० दिवस भरलेले हवेत. कॅनिंगवाल्याकडे तिचे ४४, मासळीवाल्याकडे ६१. कॅनिंगचा हंगाम एप्रिलअखेर सुरू होतो आणि पावसाने आवरतो. मुळात तोच ८० दिवसांचा नसतो. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे कारखान्यातही काम रोडावतं. कोकणातल्या बाईचं वर्ष असं तुकड्यांत जातं. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मात्र बारमाही भोंगा वाजणारी गिरणी होती.

ते स्वाभाविकही होतं, कारण मुंबई इलाख्यात ही लढाई गिरणीतूनच सुरू झाली. गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं हजारोंनी होती, आणि वाइंडिंग-रीलिंग खात्यांत बायका. १९१९ मध्ये वॉशिंग्टनच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने बारा आठवड्यांच्या प्रसूती रजेचा ठराव केला. ना. म. जोशींनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात विधेयक आणलं, ते फेटाळलं गेलं. मग १९२८ च्या जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात असंच विधेयक चर्चेला आलं. त्याच्या बाजूने बोलले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांचं मूळ गाव आंबडवे, ते याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात. पुढच्या वर्षी कायदा झाला.

बाबासाहेबांच्या त्या भाषणातला एक मुद्दा मला अजून खुपतो. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा, असं ते म्हणाले होते. मालकालाही बाईच्या श्रमाचा फायदा होतो, तेव्हा त्याने काही वाटा द्यावा, हे त्याला जोडून. आपण पुढे केलं ते जवळजवळ उलट. १९६१ च्या कायद्याने संपूर्ण रक्कम त्या एका मालकाच्या खिशावर टाकली.

रक्कम काढायचीही एक गंमत आहे. रजेवर जाण्याआधीच्या तीन महिन्यांत जितके दिवस काम केलं, त्यांची रोजची सरासरी धरायची. महिन्याचा पगार असलेल्या कारकून बाईला याने फरक पडत नाही. काजू किलोवर सोलणाऱ्या बाईला पडतो. सातव्या महिन्यात पाय सुजलेले असताना तिचा हात मंदावतो, किलो घटतात, आणि नेमक्या त्याच दिवसांवरून तिची सरासरी निघते. किमान वेतनाखाली ती जाऊ शकत नाही, एवढाच आधार. सरासरी ४०० रुपये धरा. २६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, एकूण ७२,८०० रुपये. साप्ताहिक सुट्ट्या वगळून हिशेब करणारे मालक भेटतात. मग दिवस १५६ होतात आणि १०,४०० रुपये गळतात. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सुट्टीचे दिवसही मोजायचे असा निकाल दिला आहे. लेखापालाच्या टेबलावर हे वाक्य लिहून चिकटवावं, असं मला वाटतं.

सत्तर हजारांच्या पुढची ही रक्कम पंधरा बायकांच्या काजू कारखान्याला जड जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यामुळे मालक कायदा सरळ मोडत नाही, तो बाजूने जातो. लग्न ठरलेल्या मुलीला घेत नाही. चाळिशीतल्या बायकांना पसंती देतो. रजेच्या काळात कामावरून काढणं बेकायदा आहे, पण मुळात घेतलंच नाही तर कुठलं कलम लागणार? २६ आठवड्यांबद्दल शहरात टाळ्या पडल्या तेव्हा ही बाजू कोणी फारशी बोललं नाही.

वाट नाही असं नाही. राज्य कामगार विमा योजनेत, म्हणजे ईएसआयमध्ये, मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो, आणि बाळंतपणाची रक्कम महामंडळ देतं. लागोपाठच्या दोन अंशदान कालावधींत मिळून ७० दिवसांची वर्गणी पुरते. मुख्य म्हणजे दिवस विमा क्रमांकावर जमा होतात, मालकाच्या नावावर नाही. कॅनिंगचे ४४ आणि मासळीचे ६१ तिथे एकाच खात्यात पडले असते. पण त्यासाठी दोन्हीकडे तिचं नाव नोंदवलेलं असायला हवं होतं. कॅनिंगला तिला मुकादमाने नेलं होतं, रोजच्या रोज हातावर पैसे. नाव कुठे लिहिलं, तिला माहीत नव्हतं.

उरते प्रधानमंत्री मातृवंदना योजना. पहिल्या बाळंतपणाला ५,००० रुपये. पलीकडच्या घरातल्या जिल्हा परिषद शिक्षिकेला १८० दिवसांची भरपगारी रजा, आणि हिला पाच हजार. दोघी एकाच उपकेंद्रात लस घ्यायला जातात.

तिने मला विचारलं ते पैशांबद्दल नव्हतंच. पुढच्या हंगामाला मुकादम तान्हं घेऊन येऊ देईल का, एवढंच. कायद्याचं पाळणाघर ५० किंवा अधिक माणसं असतील तरच लागतं. तिच्या शेडमध्ये तीसेक बायका. प्रसूतीनंतर सहा आठवडे बाईला कामावर ठेवता येत नाही, हे मी तिला सांगितलं. तिने बोटांवर मोजलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यापासून धरलं तर ते एप्रिलच्या मध्यावर संपत होते. कॅनिंग सुरू व्हायला त्यानंतर दहा दिवस होते.