गिऱ्हाईक आणि प्रेक्षक

रविवारच्या पुरवण्यांत दर काही महिन्यांनी तोच लेख नव्या मथळ्याखाली येतो. मोबाइल दूर ठेवा, नोटिफिकेशन बंद करा, सकाळचा पहिला तास स्क्रीनशिवाय घालवा. अनुवादक, चित्रकार, मुद्रितशोधक, सबटायटल लिहिणारे, मांडणी करणारे अशा घरून काम करणाऱ्या फ्रीलान्सरांसाठी या उपदेशाची खास आवृत्ती निघते. डोक्यावर साहेब नाही म्हणून यांचा वेळ समाजमाध्यमांत वाया जातो, असं त्यात गृहीतच असतं. हे निदान मला उथळ वाटतं. भर दुपारी इन्स्टाग्रामवर असलेली चित्रकार तिथे करमणुकीला गेलेली नसते. कालच्या पोस्टखालच्या प्रतिक्रियांना उत्तरं द्यायची, समव्यावसायिकांच्या नव्या चित्रांना दाद द्यायची (त्यांनी आपल्याला दिली होती), उद्याचं रील कापायचं, लिंक्डइनवर कुणाच्या तरी बढतीचं अभिनंदन करायचं, हे सगळं ती कर्तव्य म्हणून करते आणि बहुधा कंटाळून करते. इथे व्यसनमुक्तीची भाषा काय कामाची? शिस्तीचा माणूस हीच कामं अधिक शिस्तीने, म्हणजे अधिक वेळ करील. बेभरवशाच्या रोजगाराचा प्रश्न हमालाच्या स्वभावाचा नसून कामाच्या व्यवस्थेचा आहे, एवढं तरी महाराष्ट्राने 1969 च्या माथाडी कायद्याने मान्य केलं होतं. लिहित्या-चितारत्या माणसांच्या बाबतीत मात्र आपण अजून स्वभावाशीच अडलो आहोत.

'हे काही नव्हतं तेव्हाच बरं होतं' असं म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. मानधनासाठी संपादकाकडे घालावे लागणारे खेटे ते सोयीस्करपणे विसरलेले असतात.

प्रतिवाद करायला हवा तो एकाच मताचा, कारण ते शहाण्यासुरत्या, व्यवहार जाणणाऱ्या माणसांचं मत आहे. समाजमाध्यमांवर घातलेला वेळ हा खर्च नाही, गुंतवणूक आहे, असं ते म्हणतात. मोठ्या कंपन्या जाहिरातीवर पैसा ओततात. तुमच्याकडे पैसा नाही, वेळ आहे, तर वेळ ओता. स्वतःचा ब्रँड करा. ही शिकवण समाजमाध्यमांहून जुनी आहे. टॉम पीटर्स यांचा 'द ब्रँड कॉल्ड यू' हा लेख 'फास्ट कंपनी' या अमेरिकी मासिकात 1997 साली आला, तेव्हा फेसबुक जन्मायला सात वर्षं होती. आज हीच शिकवण पुण्या-मुंबईतल्या कार्यशाळांतून फी घेऊन दिली जाते. ती देणाऱ्यांचा हेतू वाईट नाही. पण हिशेब कच्चा आहे.

गुंतवणूक साठते. निदान साठावी अशी अपेक्षा असते. इथे काय साठतं? फेसबुकने 2012 मध्ये स्वतःच सांगितलं होतं की एखाद्या पेजची पोस्ट सरासरी 16 टक्के फॉलोअरांपर्यंत पोचते. पुढे हे प्रमाण घसरत गेलं आणि उरलेल्यांपर्यंत पोचायचं तर पैसे मोजा, असा व्यवहार सुरू झाला. इन्स्टाग्रामने 2016 मध्ये पोस्ट कालक्रमाने दाखवणं सोडलं. 2020 च्या जूनअखेर भारतात टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने इथे रील्स आणली आणि वर्षानुवर्षं जलरंगांचे फोटो टाकून बाळसं धरलेल्या चित्रकारांना ब्रश कॅमेऱ्यासमोर नाचवायला शिकावं लागलं. आधीच्या मेहनतीचं काय झालं? ती बुडाली असं म्हणवत नाही, पण तिच्यावर व्याजही मिळालं नाही. ज्याचे नियम दुसराच ठरवतो आणि हवे तेव्हा बदलतो, त्या खात्यात रोज भरणा करणं याला व्यवहारी माणसं इतरत्र गुंतवणूक म्हणत नाहीत.

यावर एक विद्वत्तापूर्ण उत्तर येतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 सालच्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिलं की नोकरीची बातमी जिवलग मित्रांपेक्षा दुरून ओळखीच्या माणसांकडून येते. मग दूरच्या ओळखी जितक्या जास्त, तितकं बरं! पण तो निबंध नीट वाचला तर ही दूरची माणसं कोण होती ते कळतं. जुना कॉलेजमित्र, पूर्वीचा सहकारी, पूर्वीचा मालक, ज्यांच्याशी अधूनमधून बोलणं होतं अशी ती माणसं. त्यांची गाठ आता सैल असली तरी कधीकाळी एका टेबलाशी बसून पडलेली होती. त्यांनी या माणसाचं काम डोळ्यांनी पाहिलं होतं. लाइक देऊन गेलेल्या हजार अनोळखी माणसांना ग्रॅनोव्हेटरच्या नावाखाली 'ओळख' म्हणणं ही चलाखी आहे. बरं, अशा जुन्या सैल गाठी जपायला लागतो तरी किती वेळ? दिवाळीला एक फोन आणि झालेल्या कामाची एक प्रत.

आणि यशोगाथा? एका पोस्टने नशीब उघडल्याच्या गोष्टी खऱ्या असतात. ज्यांचं नशीब उघडलं नाही ते व्यासपीठावर येत नाहीत, एवढंच. गुंतवणूकवाल्यांना मी साधी मागणी करतो: गेल्या वर्षीची सगळी बिलं काढा आणि प्रत्येकापुढे ते काम कुठून आलं ते लिहा. इतर प्रत्येक धंद्यात जाहिरातीचा खर्च विक्रीशी ताडून पाहतात. फ्रीलान्सर तासांची नोंदच ठेवत नाही, म्हणून तो खर्च शून्य दिसतो.

या वादात सगळेच एक भेद गाळून बोलतात. कामगार नाक्यावर सकाळी थापी, रंगाचा ब्रश घेऊन माणसं उभी राहतात. त्यांच्याकडे पाहणारा असतो मुकादम किंवा ठेकेदार. त्याला आज गवंडी हवा आहे, म्हणूनच तो आला आहे. दहा-अकरा वाजले की उभं राहणाऱ्यालाही कळतं की आजचा दिवस गेला. तो घरी जातो. फ्रीलान्सरच्या नाक्यावर मुकादम कधीतरीच फिरकतो. तिथे गवंडी गवंड्यांना थापी चालवून दाखवतात, एकमेकांना वाहवा देतात आणि नाका रात्रीसुद्धा उठत नाही. चित्रकाराची पोस्ट मुख्यतः चित्रकार पाहतात, अनुवादकाची अनुवादक. हे प्रेक्षक आहेत, आणि चांगले, जाणकार प्रेक्षक आहेत. गिऱ्हाईक ते नव्हेत. गिऱ्हाइकाला एक गरज असते, एक तारीख असते आणि (असलं तर) बजेट असतं. प्रेक्षकाला यातलं काही नसतं. त्याला उद्या नवं काही हवं असतं.

काही धंद्यांत हे दोघे एकच असतात, हे मान्य केलं पाहिजे. मेंदी काढणारी, घरी केक करणारी, लग्नाचे फोटो काढणारा यांच्या बाबतीत पाहणारी बाई उद्याची गिऱ्हाईक असू शकते आणि पोस्टमधला फोटो हाच मालाचा नमुना असतो. त्यांनी रील करावीत, खुशाल करावीत. पण करारपत्रांचा मराठी अनुवाद करणाऱ्याने काय दाखवायचं? सबटायटलवाल्याने तर मालिका प्रसारित होण्याआधी अवाक्षर काढायचं नाही, अशा कागदावर सही केलेली असते. मुद्रितशोधकाचं उत्तम काम म्हणजे जे दिसतच नाही ते. अशा माणसांना काम दाखवता येत नाही, म्हणून ती कामाबद्दल बोलू लागतात: अनुवाद करताना टाळायच्या पाच चुका, माझं टेबल, माझा चहा. हा वेगळाच व्यवसाय आहे. त्याला वेगळं कसब लागतं आणि त्यात तरबेज झालेला माणूस पहिल्या व्यवसायात तरबेज असेलच असं नाही.

मुखपृष्ठांसाठी प्रसिद्ध असलेले चित्रकार दीनानाथ दलाल यांना स्वतःची प्रसिद्धी करावी लागली नाही, असं भाबडं विधान मी करणार नाही. 1945 साली 'दीपावली' हा अंक त्यांनी स्वतःच सुरू केला. पण मुखपृष्ठ हेच त्यांचं काम होतं, त्याच कामावर सही होती आणि तो अंक जिथे जिथे गेला तिथे प्रकाशक, संपादक, जाहिरातदार असं गिऱ्हाईकच तो हाती धरत होतं. काम आणि कामाचं प्रदर्शन यांसाठी दोनदा राबावं लागत नव्हतं.

म्हणून माझा आग्रह समाजमाध्यमं सोडण्याचा नाही. शोधत आलेल्या गिऱ्हाइकासाठी नमुने, झालेल्या कामांची यादी आणि फोन नंबर असलेलं एक पान कुठेतरी स्थिर असावं, वर्षातून दोनदा झाडून घ्यावं. अंगठ्याने सरकवत जाणाऱ्या प्रेक्षकासाठी रोज जे करावं लागतं, ते हौस असेल तर करावं. धंद्याच्या वेळात धरू नये. नवख्यांनी मग कुठे जावं, असं विचारलं जातं. जिथे मुकादम येतो तिथे: प्रकाशकाच्या कचेरीत, अनुवाद संस्थांच्या चाचणीला, ज्येष्ठ सहकाऱ्याकडे उरलेलं काम मागायला. अपमान होतो, पण उत्तर लवकर मिळतं.

हा भेद एका ठिकाणी मोडतो, तेही सांगायला हवं. आता काही प्रकाशक आणि जाहिरात संस्था चित्रकाराला, लेखकाला काम देण्याआधी फॉलोअर किती आहेत ते विचारतात. म्हणजे गिऱ्हाईकच प्रेक्षकांची गर्दी विकत घेऊ पाहतं. तसं असेल तर त्या गर्दीचीही किंमत आहे आणि ती मुखपृष्ठाच्या मानधनात फुकट धरलेली चालणार नाही. चित्राचं एक बिल, चित्र आपल्या खात्यावरून मिरवण्याचं दुसरं. दुसरं बिल पाहून प्रकाशक कपाळाला आठ्या घालील. पण ज्या कामाचे पैसे मागितले की आठ्या पडतात, तेच काम आजवर गुंतवणूक म्हणून आपल्या गळ्यात मारलं जात होतं.