पाण्यासारखे नमते घेणे



दरवर्षी उपवासकाळात आमच्यापैकी काही जण दारू सोडण्याची शपथ घेतात. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून, क्रुसासमोर गुडघे टेकून. शपथ खोटी नसते. तरी पुनरुत्थानाचा सण उलटताच पाय गुत्त्याकडे वळतात, आणि शपथ मोडल्याची लाज बुडवायला पुन्हा बाटलीच लागते. मनोबल कमी पडले, की आम्ही भलत्याच ठिकाणी जोर लावला?

चीनमधील प्राचीन ज्ञानी लाओ त्झू यांच्या नावावर असलेल्या 'ताओ ते चिंग' या ग्रंथात पाण्याची थोरवी सांगितली आहे. पाणी कोणाशी झगडत नाही, सखल जागा धरते, तरी कठीण ते झिजवते. आपला परंड्याचा किल्लाही भुईकोटच. डोंगराची उंची नाही, म्हणून भोवती खंदक खोदून पाण्याचा आधार घेतला.

1935 साली अमेरिकेत बिल विल्सन व डॉ. बॉब स्मिथ यांनी 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' सुरू केली. तिची पहिली पायरी शपथेची नाही, दारूपुढे आपले काही चालत नाही हे कबूल करण्याची आहे. येशू संघाचे फादर एडवर्ड डाऊलिंग यांना तिच्या 12 पायऱ्यांचे संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेशी साम्य दिसले. संत पौलानेही ख्रिस्ताचे सामर्थ्य स्वतःच्या दुबळेपणातच ओळखले होते.

मग नमते घेणे म्हणजे पिऊ देणे का? हे ऐकून घरातली माउली संतापेल, आणि तिचे बरोबरच आहे. सोडायचा आहे तो एकट्याने लढण्याचा हट्ट. डॉक्टरकडे जाणे (फार पिणाऱ्याने एकदम बंद केल्यास झटके येऊ शकतात, शपथेच्या भरात हे विसरू नये), पुण्यात 1986 साली डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'सारख्या केंद्रात दाखल होणे, हेही नमते घेणेच.

एका ठिकाणी मात्र आमची वाट वेगळी होते. ताओ हा मार्ग आहे. त्याला 'बाप' म्हणून हाक मारता येत नाही. उधळ्या पुत्राला वाटेवर धावत येणारा बाप भेटला. थोरला भाऊ तेवढा रुसून दाराबाहेर राहिला. व्यसनातून उठलेला माणूस चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसतो, तेव्हा मिस्सा संपेपर्यंत त्याच्या शेजारची जागा रिकामी का राहते, याचे उत्तर आम्हांला अजून देता आलेले नाही.