निवडलेल्या बहिणी

रक्ताच्या नात्यांची देणी कोणाला शिकवावी लागत नाहीत. ती चुकवायची झाली तरी माणूस ती ओळखून चुकवतो. पण एकोणिसाव्या वर्षी महाविद्यालयातल्या काही मुलींनी आपसांत मत घेऊन ‘ही आमची बहीण’ असे ठरवले, तर त्या बहीणपणाचे चाळिशी-पन्नाशीत काय देणे लागते? हा प्रश्न मला माझ्या पुतणीमुळे पडला.

ती टेक्सासमध्ये शिकली व तेथेच नोकरीला लागली. २०२३ मध्ये तिची नोकरी गेली. गेल्या दिवाळीत ती इंदूरला आली होती, तेव्हा ओसरीवर बसून तिने ती हकीकत सांगितली. तिच्या ‘सोरॉरिटी’तली, तिच्याहून बरीच मोठी, कधीही प्रत्यक्ष न भेटलेली एक बाई दोन संध्याकाळी फोनवर बसली, तिचा अर्ज तिने ओळीओळीने सुधारून घेतला आणि आपल्या कंपनीत पुढे पाठवला. महिन्याभरात काम मिळाले. “काका, ती माझी कोणीच नव्हती, पण आमची होती,” पुतणी म्हणाली. मला आनंद झाला. मात्र राज्य शासनाच्या सेवेत आयुष्य गेलेल्या माणसाला लगोलग दुसराही विचार सुचतो, तसा तो सुचला : त्या जागेसाठी आणखी कोणी कोणी अर्ज केले असतील?

सोरॉरिटी म्हणजे अमेरिकन महाविद्यालयांतील विद्यार्थिनींची निवडक भगिनीसंस्था. नावे ग्रीक अक्षरांची, दीक्षाविधी गुप्त, नव्या मुलीला एक ‘मोठी बहीण’ नेमून दिलेली. शिक्षण संपले तरी सदस्यत्व संपत नाही. गावोगावी माजी सदस्यांच्या शाखा असतात व केस पिकलेल्या स्त्रियाही तेथे नियमाने जमतात. १८७० मध्ये इंडियाना राज्यात कप्पा अल्फा थीटा स्थापन झाली, तेव्हा पुरुषांच्या महाविद्यालयांत मुलींना नुकता कोठे प्रवेश मिळू लागला होता. वर्गात बाक मिळाला, पण मुलांच्या मंडळांची दारे बंद होती. मग त्यांनी आपली मंडळे काढली. ‘सोरॉरिटी’ हा शब्द १८८२ मध्ये सिरॅक्यूज विद्यापीठातील लॅटिनच्या एका प्राध्यापकाने सुचवला. लॅटिनमधील ‘सोरॉर’ आणि संस्कृतातील ‘स्वसृ’ ही एकाच मुळाची दोन रूपे. शब्द तरी आपल्याला परका नाही. संस्थाही आता तितकीशी परकी उरलेली नाही : १९९८ मध्ये ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात दक्षिण आशियाई मुलींनी कप्पा फाय गॅमा ही आपली भगिनीसंस्था काढली, आणि पुढे अशा आणखी निघाल्या. त्यांतल्याच एकीत आमची पुतणी आहे.

या संस्थांच्या इतिहासातले मला सर्वांत मोलाचे वाटते ते पान कृष्णवर्णीय स्त्रियांचे आहे. १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात अल्फा कप्पा अल्फा स्थापन झाली. तेथेच १९१३ च्या जानेवारीत बावीस विद्यार्थिनींनी डेल्टा सिग्मा थीटा काढली आणि दोनच महिन्यांत, ३ मार्चला, त्या स्त्रीमताधिकाराच्या मोर्चात चालल्या. ज्या मोर्चात कृष्णवर्णीय स्त्रियांनी मागे राहावे असा प्रयत्न होता, त्याच मोर्चात. पुढे १९३५ पासून काही उन्हाळे अल्फा कप्पा अल्फाच्या स्त्रिया मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात आरोग्यसेवेसाठी जात राहिल्या. डॉ. डोरोथी फेरबी यांच्या नेतृत्वाखाली शिक्षिका, परिचारिका अशा नोकरदार बायका आपली सुटी खर्चून तेथे जात. मळेवाले आपल्या मजुरांना दवाखान्यापर्यंत येऊ देईनात, तेव्हा त्यांनी मोटारींतच दवाखाना थाटला व मळ्यांवर जाऊन मुलांना घटसर्प आणि देवी यांच्या लसी टोचल्या. त्या मुलांच्या आया कोणत्याही सोरॉरिटीच्या सदस्य नव्हत्या, होण्याचा संभवही नव्हता.

याच्या शेजारी दुसरे पान ठेवावे लागते. २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या विद्यार्थी-वृत्तपत्राने एक बातमी छापली. उत्तम गुणांची, सर्व बाजूंनी योग्य अशी एक कृष्णवर्णीय मुलगी गोऱ्या मुलींच्या सोरॉरिट्यांनी नाकारली होती. आतल्या मुलींपैकी काहींना ती हवी होती. माजी सदस्यांनी अडवले, असे त्यांतल्याच एकीने नाव देऊन सांगितले. बभ्रा झाल्यावर विद्यापीठाला निवडीची दारे पुन्हा उघडावी लागली. म्हणजे ज्या आजन्म निष्ठेने मिसिसिपीच्या चिखलात मोटारी नेल्या, तीच निष्ठा अलाबामात दाराला कडी घालून बसली. संस्थेची ओढ दोन्हीकडे खरी होती. मग फरक कशात आहे?

येथे मला स्वतःचे काही सांगितले पाहिजे. सुमारे तीस वर्षांपूर्वी कनिष्ठ लिपिकांच्या निवडीसाठी मी मुलाखतीच्या मंडळावर होतो. एका उमेदवार मुलीचे वडील आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांना प्रॉम्प्टर म्हणून उभे राहत. त्यांनी चिठ्ठी दिली नाही, फोन केला नाही. सज्जन गृहस्थ होते. मीच तिला दोन गुण सढळ हाताने दिले. ती लागली आणि काम उत्तम केले, हेही खरे. यादीत तिच्या लगेच खाली झाबुआकडचा एक मुलगा राहिला, एका गुणाने. रात्रीच्या बसने आला होता, शर्टाची घडी मोडलेली होती, बोलताना हिंदी शब्दाला अडत होता. पत्नीलाही मी हे फार उशिरा सांगितले. परप्रांतात राहणाऱ्या आपल्या लोकांनी एकमेकांना धरून राहावे, असे मी तेव्हा स्वतःशी म्हटले होते. वाक्य खोटे नाही. पण ते दोन गुण माझे नव्हते. शासनाने ते माझ्याकडे ठेवायला दिले होते.

मला वाटते, फरक येथे आहे. बहिणीसाठी मी माझी संध्याकाळ, माझा पैसा, माझे श्रम खर्च करतो तेव्हा तिसऱ्या कोणाचे मी घेत नाही. गुण, पद, सही, प्रवेशाचे मत ही दुसऱ्यांनी विश्वासाने हाती दिलेली चीज आहे. ती ‘आमची’ म्हणून वाटणे म्हणजे पाहुण्याच्या ताटातले आपल्या मुलाला वाढणे. मिसिसिपीला गेलेल्या स्त्रियांनी आपली सुटी खर्चली. अलाबामातल्या माजी सदस्यांनी विद्यार्थिनींचा निर्णय खर्चला. आपल्याकडचा एक दाखलाही या संदर्भात आठवतो. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये अमेरिकेत गेल्या. १८८७ मध्ये बॉस्टनला त्यांच्या कार्यासाठी असोसिएशन स्थापन झाली आणि तेथल्या गावोगावच्या स्त्रियांनी ‘रमाबाई मंडळे’ काढून दहा वर्षे वर्गणी देण्याचे वचन दिले. ही मंडळे म्हणजे सोरॉरिट्या नव्हेत, पण काळ तोच व बायकांनी जमण्याची रीतही तशीच. त्या पैशावर १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उभे राहिले. देणाऱ्यांनी त्या विधवा मुली कधी पाहिल्या नव्हत्या.

अर्थात ही रेघ मी आखली तितकी सरळ नाही. पुतणीला मिळालेल्या त्या दोन संध्याकाळी बाईंच्या स्वतःच्या होत्या, हे मान्य. पण अर्ज कसा लिहावा हे जाणणारी बाई ज्या मुलीला कोठेच भेटत नाही, तिचे काय? ज्यांना बाहेर कोणीच हात देत नव्हते अशा हॉवर्डच्या मुलींनी एकमेकींना सावरणे वेगळे आणि ज्यांच्या वडिलांच्या ओळखी आधीच शहरभर आहेत अशांनी तेच करणे वेगळे. कमला हॅरिस हॉवर्डच्या विद्यार्थिनी आणि अल्फा कप्पा अल्फाच्या सदस्य. २०२० मध्ये उपाध्यक्षपदासाठी त्यांचे नाव जाहीर झाले, तेव्हा १९.०८ डॉलर अशा ठरीव रकमेच्या देणग्यांची रीघ लागली. स्थापनेचे वर्ष बहिणींनी रकमेत गुंफले होते. त्याला मी पक्षपात म्हणणार नाही. पैसा त्यांचा होता.

असो. पुतणी तिकडे महिन्यातून दोन शनिवार निर्वासित कुटुंबांच्या मुलांना गणित शिकवते. तेथेही बहुतेक तिच्या ‘बहिणी’च असतात, मुले मात्र कोठकोठली. गेल्या महिन्यात तिचा फोन आला. तिच्या सोरॉरिटीतल्या, कधी न पाहिलेल्या एका नव्या मुलीने शिफारसपत्र मागितले होते. “काका, देऊ का?” मी तिला झाबुआच्या त्या मुलाची गोष्ट सांगितली. तिने ती पूर्वी ऐकली नव्हती. बराच वेळ फोनवर काही आवाज आला नाही. मग म्हणाली, “अर्ज तपासून देते. पत्र नाही लिहीत. मी तिला ओळखत नाही.” आणि जरा थांबून तिने विचारले, “त्या मुलाचं पुढे काय झालं?”

मला ते माहीत नाही. त्याचे नाव मात्र अजून आठवते.