पगारी सेवा आणि परत येणारा शोमरोनी

हैदराबादच्या सुलतान बाजार, काचीगुडा या भागांत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. आज त्यांतल्या पुष्कळ घरांत एकच दृश्य दिसते. मुले अमेरिकेत किंवा बंगळूरला, आणि अंथरुणाला खिळलेल्या आईपाशी ब्युरोने पाठवलेली बाई. आपण मंडळीचे लोक भेटीस जातो, प्रार्थना करतो, चहा घेतो, आणि जिना उतरताना म्हणतो, "पोटच्या पोरांनी भाड्याच्या माणसावर टाकले हो!"

हा न्याय बरोबर आहे काय? लूककृत शुभवर्तमानातील शोमरोन्यानेही जखमी माणसाला शेवटी दुसऱ्याच्या हवाली केलेच. उतारशाळेच्या रखवालदाराला दोन नाणी देऊन तो आपल्या वाटेने गेला. त्याला कोणी दोष देत नाही. परंतु रविवारच्या शाळेत ही गोष्ट सांगताना एक बाब आपण घाईने उरकतो. अधिक खर्च झाल्यास परत येईन तेव्हा भरीन, असे तो सांगून गेला होता. जो परत येणार तो पाहणार. आमच्या मते पगारी सेवेचा नैतिक प्रश्न येथेच आहे.

आलेल्या बाईला काय येते हे विचारण्याचा आपल्याला संकोच वाटतो. अविश्वास दाखवल्यासारखे होते. शिक्षणक्रम पुरा करून परिषदेकडे नोंदलेली सिस्टर निराळी, आणि चार दिवस पाहून शिकलेली आया निराळी. पांढरा कोट मात्र दोघींनाही घालता येतो. आमच्या पाहण्यातील एका आजींकडे दर आठवड्याला नवी बाई येई. बाईची भाषा तेलुगू, आजींची मराठी. दखनीवर कसेबसे भागे. "कुल्ला ठणकतोय" हे काही तिला कळेना. जखम दिसली तेव्हा ती खोल गेली होती. बाई दुष्ट नव्हती. दर दोन तासांनी कूस बदलावी, भरवताना उठवून बसवावे, नाहीतर घास श्वासनळीत जातो, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. शिवाय तिने चोवीस तास जागे राहावे अशी घरच्यांची अपेक्षा! झोपेवाचूनच्या हातून गोळी चुकली, तर दोष कोणाचा?

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, ते घरात आजाऱ्याचे करणाऱ्या बायांसाठी. आपण खोलीत असताना जे होते तेच आपण नसतानाही व्हावे, अशी व्यवस्था कशी लावावी यावर त्यांनी त्यात एक प्रकरणच खर्चिले आहे.

आपल्याकडे डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत आलेल्या ज्येष्ठ नागरिकविषयक दुरुस्ती विधेयकात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी व किमान दर्जा यांची तरतूद होती. ते संमत होण्यापूर्वीच २०२४ मध्ये ती लोकसभा संपली. कायद्याची वाट पाहावी हे खरे. पण अनुवादाच्या पुस्तकात धाब्याला कठडा बांधण्याची आज्ञा घरमालकालाच आहे. पडणारा पडेल तेव्हा पाहू, असे तेथे म्हटलेले नाही. कठडा बांधणारा पाहुण्यावर अविश्वास दाखवतो असे कोणी म्हणेल काय?

त्या आजींच्या उशाशी आता एक वही असते. कूस किती वाजता बदलली, कोणती गोळी दिली, हे तीत बाई तेलुगूत लिहिते; शेजारची मुलगी वाचून दाखवते. बाई बदलू नये असे ब्युरोला बजावले आहे. रविवारी दुपारी मंडळीतील दोघी बसतात, तेवढ्यात बाई झोपून घेते. आणि वहीच्या पानांची छायाचित्रे दर आठवड्यास मुलाकडे जातात. मागच्या महिन्यात त्याने प्रथमच विचारले, "बाईंचा पगार वेळेवर पोचतो ना?"